एप्रिलात कुणी किबो चढत नाही

ओफोरोची पेटी केळीच्या बागेतल्या खड्ड्यात उतरवत होते तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं रडत होता तो गॉडलिसन. त्याचे हुंदके ऐकून आइकारुवाच्या मस्तकात अशी तिडीक गेली की कबरीत टाकायला उचललेली ओली माती तिनं त्याच्या पांढऱ्या शर्टावर फेकून मारली.

"रडू नका भावजी," ती म्हणाली. "तुम्हाला शोभत नाही."

पाळकांची प्रार्थना मधेच थांबली. नवऱ्यानं, अनाएलीनं, तिचा दंड धरला. दोघी-तिघी बायांनी तिला घराकडे ओढत नेलं. "दुःखानं डोकं फिरलंय गं बाईचं," कुणीतरी म्हणालं.

"डोकं ठिकाणावर आहे माझं!" ती केळीच्या पानांआडून ओरडली. "तुमचंच कुणाचं नाही!"

ओफोरो तिचा पाठचा भाऊ. गॉडलिसन तिचा थोरला दीर. एकानं दुसऱ्याला एप्रिल महिन्यात हमाल म्हणून डोंगरावर पाठवलं होतं आणि तो पेटीतून परत आला होता. गोष्ट एवढीच होती. पण माचामे गावाच्या त्या उतारावर ती इतक्या सरळ शब्दांत सांगायला कुणी तयार नव्हतं. गॉडलिसननं आपलं एक वाक्य बनवलं होतं, "त्याची छातीच कमजोर होती," आणि सगळं गाव तेच वाक्य गिळून बसलं होतं.

छाती कमजोर! चर्चमध्ये सगळ्यांत खालचा सूर ओफोरोचा असायचा. तो गायला लागला की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या मागं वळून बघायच्या. केळ्यांचा अख्खा घड डोक्यावर घेऊन तो चढणीची वाट बोलत बोलत चढायचा. त्याची बायको पोरीला कडेवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. तिला तर रडायचंही सुचत नव्हतं.

आइकारुवाला डोंगर नवा नव्हता. तिची मुलं, मांका आणि धाकटी दोघं, लहान असताना अनाएलीचा पाय मोडला, तेव्हा तिनं पहिल्यांदा ओझं उचललं. डोंगराच्या पायथ्याच्या फाटकावर पुरुष फिदीफिदी हसले होते. "काय गं, किबोच्या शिखरावर चूल मांडणार की काय?" पुढं तिनं खरोखरच मांडली. हमालाची ती आचारीण झाली. वाऱ्यात स्टोव्ह कसा धरायचा, उंचीवर बटाटा शिजत नाही तर तो आधी किती बारीक चिरायचा, डोंगर चढायला आलेल्या, जेवण नको म्हणणाऱ्या पाहुण्याच्या पोटात सूप कसं उतरवायचं, हे तिच्या हातात बसलं. दुपारी तंबूत पोचलेल्या पाहुण्यापुढं ती मक्याच्या गरम लाह्या ठेवायची आणि तो लहान पोरासारखा खूश व्हायचा. जीभ मात्र तिखट. हमालांपैकी कुणी भांडं न घासता ठेवलं तर ती त्याच्या आजोबापर्यंत जायची.

डोंगर कधी चढायचा हे त्या उतारावर शेंबड्या पोरालाही कळतं. जानेवारी-फेब्रुवारीत आभाळ कोरडं असतं. जूनपासून पुढं थंडी कडक, पण वाट सुकी, आणि रोज सकाळी किबोचा पांढरा माथा अंगणातून दिसतो. मार्च सरता सरता मसिका लागतो, म्हणजे मोठा पाऊस. मग माणसं मका पेरतात, पाट साफ करतात आणि घरात बसून पत्र्यांवरचा आवाज ऐकतात. डोंगर ढगात जातो. खाली पाऊस, माथ्यावर बर्फ, आणि मधल्या पठारावर, जिथं हमालांचे तंबू लागतात, तिथं धड पाऊसही नाही आणि धड बर्फही नाही, दोन्हींचा गार चिखल. अंगावरचा कपडा एकदा भिजला की खाली येईपर्यंत वाळत नाही.

गॉडलिसनलाही हे ठाऊक होतं. तो काय परका होता? तोही ओझी वाहूनच वाटाड्या झाला, आणि वाटाड्याचा पुढं कंपनीचा मालक. मोशी शहरात जिन्यावरच्या एका खोलीत त्याचं ऑफिस होतं. पण चांगले महिने मोठ्या कंपन्या खाऊन टाकायच्या. याच्या वाट्याला उरायचा मसिका. मग परदेशातून कुणी विचारलं, कुठला महिना बरा, की हा लिहायचा: "एप्रिल. जंगल हिरवंगार, वाटेवर गर्दी नाही, डोंगर फक्त तुमचा." खोटं त्यात एक अक्षर नव्हतं, आणि तेच आइकारुवाला सगळ्यांत जास्त झोंबायचं. एप्रिलात गर्दी का नसते, एवढंच तेवढं तो लिहायचा नाही.

ओफोरो कसा गेला हे तिला एलिंगायानं सांगितलं. तो त्या फेरीचा मुख्य वाटाड्या. पुरून आठवडा झाल्यावर तो तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. पुढं ठेवलेल्या चहाला त्यानं हातही लावला नाही.

"शिराच्या पठारावर पोचेपर्यंत सगळे चिंब होतो," तो म्हणाला. "पाहुण्यांचे तंबू उंचावर लावले. आमच्या तंबूतून पाणी वाहत होतं. ओफोरोच्या जाकिटाची चेन तुटलेली, त्यानं दोरी बांधलेली. आधी खूप कापत होता. मग कापायचा थांबला. आम्हाला वाटलं, ऊब आली. हसायला लागला गं. म्हणाला, गरम होतंय, आणि जाकीट काढून टाकलं."

"आणि तू?"

"मी पाहुण्यांकडे होतो. त्यांच्यातल्या एकाला उलट्या होत होत्या."

"परत का नाही फिरवलंस सगळ्यांना?"

"म्हटलं, उद्या बघू."

आइकारुवानं त्याच्यापुढचा कप उचलला आणि चहा दारातून बाहेर भिरकावला. "जा," ती म्हणाली. "उद्या ये. उद्या बघू."

वर्ष तिनं दात-ओठ खात काढलं. दिराच्या दारात पाऊल टाकलं नाही. पण त्याचा पैसा तिच्या घरात येतच होता, कारण अनाएली त्याचीच गाडी चालवायचा. त्यावरूनही घरात रोज ठिणग्या. "भाऊ आहे तो माझा," अनाएली म्हणायचा. "माझाही होता एक," ती म्हणायची, आणि बोलणं तिथंच संपायचं.

मग पुन्हा मसिका लागला. एक दिवस जेवताना अनाएली ताटाकडे बघत म्हणाला, "या आठवड्यात एक पाहुणा येतोय. नॉर्वेचा."

"कुणाचा पाहुणा?"

"दादाचा."

"एप्रिलात?"

त्यानं मान वर केली नाही. मक्याच्या उगालीचा घास बोटांत तसाच वळत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रस्त्याच्या वळणावर गेली. तिथं गॉडलिसनची माणसं हमाल निवडतात. भर पावसात दुकानाच्या पत्र्याखाली पंधरा-वीस जण गोळा झाले होते.

"लाज नाही वाटत?" तिनं सुरुवातच तिथून केली. "ज्यानं तुमच्यातला एक मारला त्याच्याच दारात रांग लावताय? अरे, बैलालासुद्धा एकदा घसरलेली वाट लक्षात राहते!"

"हळू बोल, मांकाच्या आई," मेशाक नावाचा उंच हमाल म्हणाला. ओफोरोच्या शेजारीच त्याचं घर. "तुझा नवरा पगार आणतो. आमचं काय? पावसाळ्यात दुसरं काम दाखव, लगेच घरी जातो."

"मका पेर."

"पेरला. तो काय उद्या खायला मिळणार आहे? का तू रांधून घालतेस आम्हा सगळ्यांना?"

सगळे हसले. आइकारुवा हसली नाही. मेशाकच्या अंगावर रेनकोट म्हणून तांदळाचं प्लास्टिकचं पोतं होतं, डोक्यासाठी भोक पाडलेलं. तिनं त्या पोत्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घालते. आचारी कोण आहे या फेरीला?"

आचारी कुणीच नव्हता. नेहमीचा माणूस आपल्या रानात पेरणीला गेला होता.

गॉडलिसनला निरोप गेला तेव्हा तो उठून स्वतः आला. दोन्ही हात पसरून म्हणाला, "आइकारुवा! झालं गेलं विसरलीस, फार बरं केलंस. घरातलं माणूस घरातच शोभतं." तिनं भांड्यांची टोपली उचलून त्याच्या आणि आपल्या मधे धरली. बोलली काहीच नाही. तिचं न बोलणं ही किती भयंकर गोष्ट आहे हे त्याला कळायला हवं होतं, पण त्याचं लक्ष पाहुण्याच्या विमानाकडे.

पाहुण्याचं नाव टोर्मोड. लालबुंद, धिप्पाड, हसतमुख माणूस. अंगावरचं एकूण एक कापड नवं कोरं. जंगलात पहिल्या दिवशी पावसानं झोडपून काढलं तरी तो झाडांवरच्या शेवाळाचे फोटो काढत होता. मागं हमाल गुडघाभर चिखलातून ओझी ओढत होते. आइकारुवा पुढच्या पुढं जाऊन चूल लावायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी हातात गरम चहा द्यायची, पाहुण्याच्या आधी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शिराच्या पठारावर पोचले. वारा आडवा मारत होता. हमालांचा तंबू नेमका तसाच, उतारावर, पाण्याच्या वाटेत लागला होता. ती आत शिरली. मेशाकचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. त्याला दुधाचा कप धरता येईना. अर्धं दूध पोत्यावर सांडलं. तिनं आपल्या कमरेभोवतीचं कोरडं कापड, कांगा, सोडून त्याच्या छातीभोवती गुंडाळली, दोघांना सांगितलं, "याला मधे घेऊन बसा, आणि हा हसायला लागला तर मला हाक मारा," आणि तरातरा एलिंगायाकडे गेली. याही फेरीचा मुख्य वाटाड्या तोच होता.

"उतरायचं. सकाळ झाली की सगळ्यांनी."

"पाहुणा ठणठणीत आहे, आइकारुवा. गॉडलिसनदादाला काय सांगू? उद्या सकाळी आभाळ बघू..."

"उद्या," ती म्हणाली. "गेल्या वर्षीही उद्याच बघणार होतास."

एलिंगायाचा चेहरा चपराक बसल्यासारखा झाला. तेवढ्यात आवाज ऐकून टोर्मोड स्वयंपाकाच्या तंबूत डोकावला. काय झालं, त्यानं हसत विचारलं.

आइकारुवानं डाव रोखला. "तुला हाच महिना सापडला का रे? तुमच्या देशात कॅलेंडर नसतं? दिवसभर शेवाळ बघतोस, मागं माणसं मरायला लागलीत ती दिसत नाहीत?"

टोर्मोडनं एलिंगायाकडे बघितलं.

"ती म्हणते, सूप होतंय," एलिंगाया इंग्रजीत म्हणाला.

"अरे वा! धन्यवाद!" टोर्मोड तिच्याकडे बघून वाकला.

सूप या शब्दाइतकं इंग्रजी तिला येत होतं. ती एलिंगायाच्या इतकी जवळ गेली की तो मागं सरकून पिठाच्या पिशवीवर बसला. "मी काय बोलले ते सांग त्याला. शब्द गाळलास तर हा डाव तुझ्या डोक्यात घालीन. आणि तेही सांग. गेल्या वर्षी इथं काय झालं ते."

एलिंगायानं डोक्यावरची टोपी काढली. मग बोलायला लागला. ओफोरोचं नाव दोनदा आलं. टोर्मोडचं हसू हळूहळू मावळलं. तो गोंधळून म्हणाला, "पण माझ्याकडे चांगला रेनकोट आहे." त्याला अजूनही वाटत होतं, काळजी त्याची चालली आहे. एलिंगायानं त्याला हाताला धरून हमालांच्या तंबूपाशी नेलं आणि आत बघायला लावलं. परत आल्यावर टोर्मोड बोलत गेला आणि एलिंगाया तिला सांगत गेला, "मी विचारलं होतं. कुठला महिना चांगला, हे मी विचारलं होतं. त्यांनीच लिहिलं." मग हट्टी मुलासारखं, "मला पुन्हा इथं येता येणार नाही हो."

"माझ्या भावालाही नाही," आइकारुवा म्हणाली. हे भाषांतर एलिंगायानं लगेच केलं.

सकाळी पाऊस तसाच होता. वाद घालत बसायची तिला गरज नव्हती. तिनं स्टोव्ह विझवला, भांडी टोपलीत भरली, पिठाची पिशवी मेशाकच्या नव्हे तर स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि उतरायला लागली. चूल गेली की डोंगरावर कोण राहणार? आधी मेशाक निघाला, दोघांच्या आधारानं. मग एकेक करून बाकीचे. एलिंगाया मागून ओरडला, "अगं, थांब तरी! फाटकावर सांगायचं काय?" पण ओरडता ओरडता तोही तंबूच्या दोऱ्या सोडत होता. शेवटी टोर्मोड. जंगलात एकदा पाय घसरून दरीच्या बाजूला गेला, तेव्हा तिनंच कॉलर धरून त्याला वर खेचला आणि वर दोन शिव्या दिल्या. त्या त्याला भाषांतराशिवाय कळल्या.

गॉडलिसनला कुणीतरी फोन केला होता. फाटकावर तो गाडीबाहेर छत्री घेऊन उभा होता. स्टिअरिंगवर अनाएली.

"धंदा बुडवलास माझा!" तो ओरडला. "घरातली म्हणून विश्वास ठेवला, आणि तू? आता हा माणूस जगभर लिहील!"

"लिहू दे. एप्रिलात जंगल हिरवंगार असतं, तेही लिहू दे."

"आपण मला लिहिलं होतं," टोर्मोड मधे म्हणाला, "की हाच उत्तम महिना." गॉडलिसननं त्याच्याकडे बघून व्यापारी हसू हसायचा प्रयत्न केला. ते तोंडावर नीट बसलं नाही.

मग तो तिच्याकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आइकारुवा, किती दिवस हे धरून बसणार? तुझ्या भावाची छातीच..."

पुढचं वाक्य त्याला बोलता आलं नाही. टोपलीतलं मोठं पातेलं तिनं त्याच्या पायांपुढं इतक्या जोरात आपटलं की फाटकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. "म्हणा पुन्हा! म्हणा! त्याच्या छातीवर तुमच्या दोन पोरी झोपायच्या, तेव्हा नाही कमजोर वाटली? मेशाकची छाती कशी आहे ते सांगा, आत्ता, मेला असता तर काय सांगणार होता?"

अनाएली गाडीतून उतरला. एवढा वेळ तो समोरच्या काचेवरचा पाऊस बघत होता. त्यानं किल्ली बॉनेटवर ठेवली.

"दादा, मेशाकला दवाखान्यात ने," तो म्हणाला. "गाडी तू चालव. माझ्याच्यानं नाही व्हायचं आता."

गॉडलिसननं छत्री मिटली. शेवटी मेशाकला मागच्या सीटवर त्यालाच बसवावं लागलं. मेशाक वाचला. न्यूमोनियानं महिनाभर खाटेवर होता, पण वाचला.

नवरा-बायको चालत घरी निघाली. अनाएलीला वाटलं होतं, ती काहीतरी चांगलं बोलेल. टोपली त्याच्या हातात देत ती म्हणाली.

"वर्षभर उशीर केलात."

"हो," तो म्हणाला.

पुढचे महिने ओढाताणीचे गेले. अनाएलीला केळ्यांच्या ट्रकवर काम मिळालं, तेही रोज नाही. आइकारुवाला काही कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलं. पाहुण्याला अर्ध्या वाटेवरून खाली आणणारी आचारीण कुणाला हवी? जूनमध्ये आरुशा शहरातल्या एका बाईच्या कंपनीनं घेतलं. ती बाई मसिकात कुणालाच वर पाठवायची नाही. सुकी वाट, कडक थंडी, ताऱ्यांनी भरलेलं आभाळ. शिराच्या पठारावर आइकारुवा पुन्हा स्वयंपाकाला बसली तेव्हा तिला शांत वाटेल, असं घरच्यांना वाटलं होतं. तिला उलट जास्तच संताप आला. इतकं सोपं होतं सगळं! दोन महिने थांबायचं, एवढंच. दोन महिने थांबायला कुणाचं काय जात होतं?

नाताळाला कुळातली सगळी माणसं गावी परतली, दार-एस-सलामपासून नैरोबीपर्यंतची. सासूच्या अंगणात बकरे कापले, केळ्यांची दारू, म्बेगे, मोठ्या मडक्यांत फसफसत होती. जेवणाआधी गॉडलिसन उठला. हातात म्बेगेनं भरलेला, कोरून वाळवलेला भोपळा घेऊन सगळ्यांसमोर आइकारुवापुढं आला. वर्षात म्हातारा झाला होता. मसिकातलं काम बंद करतोय, असं त्यानं आधीच दहा जणांना सांगितलं होतं.

"पी," तो म्हणाला. "आणि मिटव आता. ओफोरोच्या बाबतीत जे घडलं त्याचं मला वाईट वाटतं."

"काय घडलं?" तिनं हात मागं बांधून विचारलं.

"जे... घडलं ते."

"नाव आहे ना त्याला. ते घ्या. कशानं मेला तो?"

ओफोरोची बायको केळी सोलत होती, तिचा सुरा थांबला. गॉडलिसननं भोपळा दुसऱ्या हातात घेतला. मग तो म्हणाला, "डोंगर आहे. डोंगरावर कुणाचं काय होईल..."

"थंडीनं मेला." आवाज सासूचा होता. न्देशी नावाची ती म्हातारी भिंतीशी स्टुलावर बसली होती, दिसत तिला जवळजवळ नव्हतंच. "भिजून, थंडीनं मेला. माझ्या पोरानं त्याला नको त्या दिवसांत वर पाठवला म्हणून मेला. एवढं बोलायला पाठीचा कणा लागतो का रे? मी म्हातारी बोलले की नाही?"

ओफोरोची बायको रडायला लागली. दफनाच्या दिवसापासून ती पहिल्यांदा माणसांत रडत होती, मोठ्यानं, सुरा हातातच घेऊन. दोघी-तिघी तिच्याकडे धावल्या.

गॉडलिसननं भोपळा खाली ठेवला आणि बागेच्या बाजूला निघून गेला. त्याच्यामागं कुणी गेलं नाही. आइकारुवानं तो भोपळा उचलला, सासूच्या हातात दिला, तिनं घोट घेतल्यावर परत आपल्या हातात घेतला आणि उभ्या उभ्या प्यायली.

"राग गेला का गं?" म्हातारीनं विचारलं.

"नाही आई."

"जाऊ नको देऊस इतक्यात," म्हातारी म्हणाली. "मटण बघ, करपतंय."